गंभीर बांधणी

बाइंडरबाईंनी आयुष्यात जितकी पुस्तकं वाचली, तितक्यांना सरांनी नावंसुद्धा ठेवली नसतील. आणि नावं ठेवण्यात सर काही कमी नव्हते.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली बाईंचं टेबल. त्यावर खळीचं भांडं, दाभण, मेण लावलेला दोरा आणि पुठ्ठ्याचे तुकडे. बावीस वर्षं बाई फाटकी पुस्तकं शिवत होत्या आणि शिवता शिवता वाचत होत्या. पुस्तक उसवलं की सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे होतात. बाई एक फर्मा वाचायच्या, तो शिवायच्या, मगच दुसऱ्याला हात घालायच्या. लोकांनी कुठलं पुस्तक कुठवर वाचलंय, हे त्या कडेच्या मळावरून सांगायच्या. प्रेमकथा आणि रहस्यकथा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सारख्या काळ्या. बक्षीसपात्र पुस्तकं चाळीसाव्या पानापर्यंत मळकट, पुढे गोरीपान.

सर म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष, साहित्याचे निवृत्त प्राध्यापक. ‘वाङ्मयमूल्य’ हा शब्द ते इतक्या वेळा उच्चारायचे, की त्यांच्या बायकोने भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही तो वापरला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. या विषयावर त्यांचा चारशे पानांचा ग्रंथ होता. वाचनालयात त्याची एकच प्रत होती आणि तीही कधी अपुरी पडली अशी तक्रार नव्हती, कारण तिची चौकशीच कुणी केली नव्हती.

एके दिवशी सर मागच्या खोलीत आले आणि म्हणाले, “बाई, प्रेमकथा-रहस्यकथांची दोन्ही कपाटं आपण रद्दीत काढतोय. शनिवारच्या बैठकीत ठराव येईल.”

बाईंच्या हातातलं दाभण थांबलं. ती कपाटं गेली तर टेबलावर येणार काय? उरलेली पुस्तकं तर फाटतच नव्हती.

“सर, एखादं पुस्तक तीनदा शिवावं लागतं, त्याला तुमच्यात काय म्हणतात?”

“झीज म्हणतात.”

“आणि एकदाही शिवावं लागत नाही, त्याला?”

“अभिजात,” सर म्हणाले आणि निघून गेले.

खरं तर सरांचा ग्रंथही महिन्यापूर्वी बाईंकडे येऊन गेला होता. वाचून वाचून नव्हे. उभ्या उभ्या डिंक वाळला आणि पाठ सुटली. सरांनी स्वतः हिरवं कापड आणून दिलं होतं, सोनेरी अक्षरांसकट. त्याच दिवशी टेबलावर एका प्रेमकथेचाही सांगाडा पडला होता, त्याच मापाचा, तितकाच जाड. नायिका दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी, नायक जहाजावरचा डॉक्टर आणि शेवटचे दोन फर्मे बाकी. डॉक्टर परत येतो की नाही या काळजीत बाईंचे हात आपले आपण चालत राहिले. डॉक्टर आला. बाईंनी डोळे पुसले, खळ लावली आणि दोन्ही पुस्तकं दाबात ठेवून दिली.

सरांनी कपाटं काढायचं सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातली नर्स तणतणत आली. “बाई, ही कसली प्रेमकथा? दीडशे पानं झाली, नुसती चर्चा चाललीये. नायिकेचा पत्ता नाही. मला वाटलं, उशिरा येत असेल, म्हणून थांबले!”

बाईंनी पुस्तक उघडलं. जहाजाचं चित्र असलेल्या पुठ्ठ्यात सरांचं वाङ्मयमूल्य शिवलेलं होतं. मग डॉक्टर आणि दीपगृहवाली कुठे होते, हे सांगायला नकोच.

बाई ग्रंथपालांकडे धावल्या. ते म्हणाले, “सरांचा ग्रंथ? अहो, त्याला भलतीच मागणी आहे. महिन्यात सहा वेळा गेला.” ग्रंथपाल आत बघत नसत, कार्ड मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात असतं, तिथेच नेणाऱ्याचं नाव लिहून शिक्का मारायचा आणि पुस्तक हवाली करायचं. तूर्त ग्रंथ सरांनीच नेला होता, बैठकीत कार्ड दाखवायला.

आता गप्प बसावं, तर सगळं खपून जाणार होतं. पण कपाटं जाणार होती आणि तीही बाईंच्याच चुकीच्या जोरावर.

शनिवारी बाई न बोलावता बैठकीला गेल्या. टेबलाभोवती समितीतले वकील, डॉक्टर आणि मुख्याध्यापक बसले होते. सरांनी हिरवा ग्रंथ उंच धरला.

“महिन्यात सहा वाचक! वाचकांची अभिरुची घडते आहे. आता त्या चिंध्यांची गरज काय?”

“सर,” बाई म्हणाल्या, “त्यातलं एखादं पान वाचून दाखवता?”

“स्वतःचा ग्रंथ आहे, पाठ आहे मला.”

“तरी वाचा. कुठलंही.”

सरांनी मधलंच पान उघडलं आणि खड्या आवाजात सुरुवात केली. “वादळ शमलं होतं. तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत डॉक्टर म्हणाला...” आवाज बसत गेला. त्यांनी पान उलटलं, मग पहिलं पान काढलं.

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “आतल्या पानांची अदलाबदल झाली. तुमचं पुस्तक नर्सबाईंनी दीडशे पानं वाचलंय, सर. विक्रम समजा.”

सरांनी मागच्या पुठ्ठ्यातलं कार्ड काढलं, आतापर्यंत त्यांनी त्यावरचे शिक्केच मोजले होते. आता ते नावं वाचत गेले आणि प्रत्येक नावाला समोर बघत गेले. “वकीलसाहेब, तुम्ही दोनदा? तुम्ही तर म्हणालात, फार खोल आहे!”

“खोलच आहे,” वकील म्हणाले. “समुद्र आहे ना.”

“डॉक्टर, तुम्हीही?”

“व्यवसायाशी संबंधित होतं,” डॉक्टर पुटपुटले.

मुख्याध्यापकांनी दोनदा मुदत वाढवून घेतली होती. ते पंख्याकडे बघत बसले. सरांचा ग्रंथ हातात धरून त्यांना चारचौघांत, अगदी शिक्षकांच्या खोलीतसुद्धा, बिनधास्त प्रेमकथा वाचता आली होती. असं सुख पुन्हा मिळण्यासारखं नव्हतं.

ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांचे हात टेबलाखाली होते. शेवटी वकिलांनीच तोड काढली. “कपाटं असू द्या. आपला आक्षेप मजकुराला नाहीच मुळी, त्या भडक चित्रांना आहे. सगळ्यांना हिरवं कापड चढवा. पाठीवर नाव नको, नुसता क्रमांक.”

“एकमताने,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

ग्रंथपालांनी ठराव लिहायला घेतला.

“कापड चढवीन,” बाई म्हणाल्या, “पण नाव घालणार. मोठ्या अक्षरात, लांबून वाचता येईल असं. हवं असेल त्याने सगळ्यांदेखत मागून न्यावं. बिननावाची पुस्तकं बांधायची असतील तर दुसरा बाइंडर बघा.”

गावात दुसरा बाइंडर नव्हता. वकिलांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी मुख्याध्यापकांकडे.

“घाला नाव,” मुख्याध्यापक हळूच म्हणाले.