इथं आजारी पडायचं नाही

मेलुसी ह्लाबांगानानं बसवलेल्या फरशीवर पाण्याचा थेंब ठेवला तर तो जागचा हलायचा नाही. जोहान्सबर्गमध्ये एकवीस वर्षं हा माणूस लोकांच्या न्हाणीघरांतून आणि स्वयंपाकघरांतून गुडघ्यांवर रांगला. स्वतः मात्र यिओव्हिल भागातल्या एका जुन्या इमारतीत, पोपडे निघालेल्या सिमेंटच्या जमिनीवर राहिला. त्याची बायको सिथाबिले कधी म्हणाली, की निदान ओट्यापुढं तरी चार उरलेल्या फरश्या टाका, तर त्याचं उत्तर तयार असे.

"घर आपलं गावी, त्सोलोत्शोला आहे, मान्याथी. तिथं टाकीन. इथं कशाला?"

आमच्याकडं बायकोला तिच्या माहेरच्या कुळावरून हाक मारतात, म्हणून मान्याथी. आणि ती त्याला मुलीच्या नावावरून नोझिफोचे बाबा म्हणायची. पलंग घेऊ या का, नोझिफोचे बाबा? इथं कशाला. पोरीच्या कपड्यांना कपाट? खोकं आहे की, इथं कशाला. लग्नाला सोळा वर्षं झाली, पोरगी चौदा वर्षांची झाली, पण या माणसाचं बिऱ्हाड अजून काल उतरल्यासारखं. दर डिसेंबरला तो गावी जायचा, घराच्या भिंतीवर विटांचे दोन थर चढवायचा आणि परत यायचा. त्या भिंतींनी त्याचं तारुण्य खाल्लं असं मी म्हटलं, तर त्याला राग येईल. पण खाल्लंच.

एका ठिकाणी मात्र तो "इथं कशाला" म्हणत नसे. रविवारी सकाळी हाच मेलुसी इस्त्रीचा मरून कोट घालून, पांढरा रुमाल खिशात खोचून बागेत हजर असे. तिथं आमच्या मयत मंडळाची सभा भरते. मंडळाचं नाव सियाबुयेला, म्हणजे आम्ही परत जातो. दर महिन्याला प्रत्येकानं वर्गणी द्यायची आणि कुणी गेलं की त्याला चांगल्या शवपेटीत घालून, मागं माणसं देऊन, बेटब्रिजला देशाची हद्द ओलांडून त्याच्या गावी पोचवायचं. मेलुसी या मंडळाचा पहिल्या दिवसापासूनचा सचिव. उशिरा येणाऱ्याला दंड, सभेत फोन वाजला तर दंड. त्याच्या करड्या नजरेला अध्यक्षीणबाईसुद्धा वचकून असत.

त्याला कारणही होतं. त्याचा धाकटा भाऊ भेकी या शहरात एकटाच राहायचा. तो कसा गेला ते कुणालाच कळलं नाही. चार महिन्यांनी शोधत शोधत मेलुसी शवागारापर्यंत पोचला, तेव्हा कारकुनानं वही उघडून सांगितलं की नगरपालिकेनं पुरलं, कबरीचा क्रमांक हा घ्या. तो क्रमांक घेऊन मेलुसी घरी आला आणि आईला कसं सांगायचं म्हणून दोन दिवस जेवला नाही. मंडळ काढलं ते त्याच वर्षी. एवढं ऐकल्यावर त्याला हसायची माझी तरी हिंमत होत नाही.

पण माणूस एकदा एका भीतीला कवटाळून बसला, की दुसरीकडं त्याचं लक्ष जात नाही.

सहा वर्षांपूर्वी सभेत बाबा डाकामेला उठून उभे राहिले. म्हातारे रात्रपाळीचे पहारेकरी, बोलायला सावकाश. म्हणाले, "मंडळी, वर्गणीच्या पेटीतला थोडा भाग आजारी माणसांसाठी बाजूला ठेवू या. मेल्यावर नेतो, ते बरंच आहे. पण मरूच नये म्हणून काही करता येतं का, तेही बघू."

मेलुसी ताडकन उठला. "बाबा, मेलेल्याच्या ताटातलं जिवंत माणसानं ओढून खायचं? आज तुमचा गुडघा दुखतो, उद्या कुणाची दाढ दुखेल, परवा कुणाला पोरगं होईल. आणि आम्ही मेल्यावर आम्हाला काय टपालानं पाठवणार?"

सगळी सभा खो खो हसली. बाबा डाकामेलाही हसले आणि खाली बसले. मेलुसीनं त्याच दिवशी नियम लिहून घेतला की सभासद जिवंत असेपर्यंत पेटीला हात लावायचा नाही. अक्षर त्याचं सुरेख होतं.

सिथाबिले शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होती. दोन वर्षांपूर्वी तिथल्या मालकीणबाईंनी सांगितलं, की मी कामगारांचा आरोग्य विमा काढतेय, अर्धा हप्ता माझा, अर्धा तुमचा. खासगी दवाखाना, डॉक्टर, ऑपरेशन, सगळं त्यात. नवरा आणि मूलसुद्धा. महिनाअखेरपर्यंत कळवा.

सिथाबिले कागद घडी करून घेऊन आली. मेलुसी मक्याची उकड आणि पालेभाजी जेवत होता. त्यानं कागदाकडं पाहिलंही नाही.

"आपण इथं कमवायला आलोय, मान्याथी. आजारी पडायला नाही."

"आजार काय विचारून येतो?"

"आला तर गावी जायचं. तिथं माणसं आहेत आपली."

"माणसं आहेत, औषधं कुठायत? तिथले लोक इलाजाला इथं येतात आणि तुम्ही मला इथून तिथं नेणार? वा!"

तो हसला आणि विषय टळला. आठवड्यानं तिनं कागद परत काढला. तेव्हा तो चिडला. म्हणाला, धडधाकट माणसानं आजाराचे पैसे आधी भरून ठेवणं म्हणजे त्याला घरचा पत्ता देणं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं ते महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी कामावर निघताना, चपला घालता घालता.

"नोझिफोचे बाबा, खरं सांगा. आपण परत जाणार कधी?"

"घर पुरं झालं की."

"आणि तोपर्यंत?"

विमा घेतला म्हणजे आपण इथलेच झालो, इथंच म्हातारं व्हायचं कबूल केलं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पण हे तोंडानं बोलायला तो तयार नव्हता. म्हणून तो म्हणाला, "मंडळानं मोठी योजना काढली आहे. त्यात दोन्हीकडचे आईबाप येतात आणि मागं येणाऱ्यांसाठी बससुद्धा मिळते. मी आपलं नाव घातलंय त्यात. आता दोन दोन ठिकाणी कुठून भरणार?"

सिथाबिलेनं तो कागद पर्समध्ये ठेवला आणि जिना उतरून गेली. भांडली नाही. भांडली असती तर, असं मेलुसी आता शंभरदा म्हणतो. पण ती भांडणारी बाई नव्हती आणि ते त्याला पक्कं माहीत होतं.

दीड वर्षानं तिला अंगावरून फार जायला लागलं. बायका असलं दुखणं अंगावर काढतात, तसं तिनंही काढलं. मार्च महिन्यात कारखान्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा शिलाईच्या बायकांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. गर्भाशयात गाठी होत्या. रक्त इतकं कमी झालं होतं की डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली आणि मानच हलवली. ऑपरेशन करायला हवं होतं. रांग मोठी होती. तारीख मिळाली सप्टेंबरच्या अखेरची.

तिच्या शेजारच्या मशिनवर बसणारी बाई मात्र तसल्याच दुखण्यानं खासगी दवाखान्यात गेली, अकरा दिवसांत ऑपरेशन करून घेतलं आणि महिन्याभरात कामावर आली. तिनं विमा घेतला होता. सिथाबिलेनं हे नवऱ्याला सांगितलं नाही. त्याला दुसऱ्याकडून कळलं आणि ते त्याला जास्त लागलं.

मेलुसीनं धावपळ केली नाही असं नाही. मालकीणबाईंकडं गेला. त्या म्हणाल्या, आता विमा काढला तरी आधीच्या दुखण्याला एक वर्ष काही मिळत नाही. खासगी दवाखान्यात विचारून आला. तिथला आकडा ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. गावच्या भिंती विकता येतात का, असंही त्यानं एकाला विचारलं. अर्ध्या भिंती कोण घेणार?

जुलैत मंडळाची माणसं तिला भेटायला आली. चाळीस माणसं, मरून कोट आणि रुमाल, हातात संत्री. खोलीत मावेनात म्हणून अर्धी जिन्यात उभी राहिली. त्यांनी प्रार्थना केली, तीन गाणी म्हटली, इतकी सुरेल की वरच्या मजल्यावरचे काँगोचे लोकही खाली येऊन ऐकत राहिले. सिथाबिले उशीला टेकून बसली होती आणि ओठ हलवत होती.

निघताना बाबा डाकामेलांनी मेलुसीला जिन्यात बाजूला घेतलं. "सचिव, रविवारी पेटीचा विषय काढू का? मी काढतो. तू काही बोलू नकोस."

मेलुसीनं मान खाली घातली. आपणच केलेला नियम आपल्याच बायकोसाठी मोडायचा? ज्यांना दाढेवरून आणि गुडघ्यावरून हसलो, त्यांच्यापुढं हात पसरायचा? "नको बाबा," तो म्हणाला. "तारीख जवळ आली आहे. निघेल एवढा वेळ."

म्हातारा कठड्याला धरून खाली उतरला.

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी, वॉर्डात रक्ताची बाटली येण्याची वाट पाहता पाहता सिथाबिले गेली.

त्यानंतर मंडळानं जे केलं त्याला तोड नाही. एका तासात अध्यक्षीणबाई आल्या. संध्याकाळपर्यंत कागद झाले, दुसऱ्या दिवशी हद्दीवरची परवानगी आली. शवपेटी पितळी कड्यांची, आतून पांढऱ्या रेशमाची. पुढं काळी गाडी, मागं जेवणाच्या भांड्यांची ट्रॉली, तिच्या मागं भरलेली बस. ज्याला इतक्या महिन्यांत दवाखान्यात एक खाट मिळवता आली नाही, त्याला तीन दिवसांत बसायला साठ जागा मिळाल्या. वाटेतल्या गावांत माणसं टोप्या काढून उभी राहत होती आणि विचारत होती, कोण मोठी बाई गेली?

शनिवारी सकाळी तिला पुरलं. दुपारी पाहुणे मांडवात जेवत असताना सासूनं मेलुसीला आतल्या झोपडीत बोलावलं. आमच्यात सासू आणि जावई एकमेकांकडं बघून बोलत नाहीत, मध्ये कुणी तरी लागतं. सिथाबिलेची आत्या मध्ये बसली. सासू चटईवर, तोंड भिंतीकडं करून. तिनं दोन्ही तळहात हळूच वाजवले. आम्ही असेच आभार मानतो.

"त्यांना सांग," ती आत्याला म्हणाली, "माझ्या लेकीला त्यांनी राणीसारखी आणली. या गावात असं कुणी आलं नाही. त्यांचे हात मोठे होवोत."

आत्यानं सांगितलं. मेलुसीला वाटलं, हिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणि त्यांना विचार," सासू म्हणाली, "मंडळाकडं एवढं होतं, तर ती आजारी आहे हे कुणी मंडळाला कळवलंच नाही का?"

आत्यानं तोंड उघडायच्या आत मेलुसी सरळ सासूकडं वळला. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

"कळवलं होतं, आई. नियम आडवा आला. नियम माझा होता. आणि आजाराच्या आधी विम्याचा कागद होता. तिनं तीनदा विचारलं. तीनदा मी नको म्हटलं. घेतला असता तर आज ती मशिनवर बसलेली असती."

आत्या कुणाकडं पाहावं न कळून मातीकडं बघत राहिली. हा निरोप कुणाला पोचवायची गरज नव्हती. सासू सावकाश वळली. तिनं जावयाच्या तोंडाकडं पाहिलं आणि आत्याला न सांगता स्वतःच विचारलं,

"का नको म्हणालात?"

मेलुसीनं उत्तर शोधलं. त्याच्याकडं एकच होतं.

"आम्ही इकडं परत येणार होतो ना, आई," तो म्हणाला.