बराबर म्हणालो होतो

दोन जिल्ह्यांतून एकच खेळाडू बुद्धिबळाच्या राज्य स्पर्धेला जाणार होता आणि शेवटच्या फेरीत आम्ही दोघं समोरासमोर आलो. मी लातूरचा, तो नांदेडचा, मिरचीचा व्यापारी. क्लबांच्या स्पर्धांत आम्ही कितीदा तरी खेळलो, पण सरस कोण हे कधी ठरलं नाही. त्याचा अर्धा गुण जास्त होता. त्याला बरोबरी पुरत होती. मला जिंकायलाच हवं होतं. पन्नाशीनंतर अशी संधी पुन्हा येईल असं वाटत नव्हतं.

शेवटी दोघांकडे एकेक हत्ती राहिला आणि माझं एक प्यादं जास्त. असे बरेच डाव बरोबरीतच सुटतात, त्यामुळे जिंकलोच असतो असं म्हणणार नाही. पण खेळण्यासारखं होतं. त्यानं खेळी केली आणि घड्याळ दाबताना त्याच्या बाहीनं माझा हत्ती पडला. तो उचलून ठेवत त्यानं हळूच विचारलं, "बराबर हाय का?"

मी हत्तीचं घर मोजून पाहिलं. "बराबर."

त्यानं हात पुढे केला. माफी मागतोय समजून मी हात दिला. त्यानं घड्याळ थांबवलं.

आमच्याकडे योग्य तेही बराबर आणि सारखं सुटलं तेही बराबर. तो डावाचं विचारत होता.

मी पंचांना बोलावलं. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. "सर, तुम्ही बराबर म्हणालात?"

"म्हणालो."

"हात दिलात?"

"दिला."

मग काही उरलं नाही. अर्धा-अर्धा गुण लिहून आम्ही सह्या केल्या.

बाहेर चहा घेताना तो म्हणाला, "मी फसवलं असं वाटलं का रे तुला?"

मी चहावरची साय बाजूला केली.

"न्हाई म्हण की."

हात लावलेला मोहरा न चालवता त्यानं कधी परत ठेवलेला मला आठवत नाही. तरी मला 'नाही' म्हणता आलं नाही. अर्धा चहा टाकून तो बसकडे गेला.

तो डाव मी घरी पुन्हा पुन्हा मांडतो. कधी जिंकतो, कधी नाही. मध्यंतरी त्याचा फोन आला. राज्य स्पर्धेआधी सरावाला तोडीचं कुणी नाही, नांदेडला येतोस का म्हणाला. पाठ दुखते, असं मी सांगितलं. पाठ दुखत नव्हती.

"मग तू नको हलूस," तो म्हणाला, "मीच येतो लातूरला."