दोघींचे तीन दिवस

लढाईच्या त्या वर्षांत वडील पलटणीत होते आणि शेत आमच्या दोघींच्या, म्हणजे आईच्या आणि माझ्या, हातांवर चालायचं. तण काढायच्या भांगलणीला मजूर लावणं परवडत नसे, म्हणून शेजारच्या घराशी पैरा असायचा. आधी त्यांनी आमच्या उसात राबायचं, मग आम्ही त्यांच्या. त्यांच्याकडे राबणाऱ्या तिघी. त्या आमच्याकडे दोन दिवस आल्या की आम्ही दोघी त्यांच्याकडे तीन दिवस जायचो, की फिटलं.

पुढे मी सांगलीला मावशीकडे राहून शाळेत जाऊ लागले. निघतानाच आईनं बजावलं होतं, "नापास झालीस तर गुमान घरला यायचं. एकल्या बाईसंगं कोन पैरा धरत न्हाई."

शाळेत मास्तरांनी व्हॅलन्सी काढली, म्हणजे दुसऱ्याशी जुळायला एका अणूला किती हात असतात ते. ॲल्युमिनियमची तीन, ऑक्सिजनची दोन, सूत्र मांडा. सगळा वर्ग फळ्याकडे बघत बसला. मला मात्र त्यात शेजारच्या तिघी आणि आम्ही दोघी दिसलो. ॲल्युमिनियमचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन, दोन्हीकडे सहा. मास्तर "बरोबर" म्हणाले आणि मी अशी फुगले की विचारू नका.

पुढचं होतं कॅल्शियम ऑक्साइड. दोघांचीही व्हॅलन्सी दोन. मी दोन कॅल्शियम आणि दोन ऑक्सिजन लिहिले. मास्तरांनी त्यावर काट मारली. मी गप्प बसणारी नव्हेच, उठून हुज्जत घातली. आमच्या गल्लीतल्या एका घरी दोघीच राबणाऱ्या; त्यांच्याशी पैरा केला की दोन दिवस त्या आणि दोन दिवस आम्ही, कारण एका दिवसात रान उरकतच नाही. वर्ग खिदळला. मास्तरही हसले.

"इथं रान उरकायचं नाही," ते म्हणाले. "एकास एक फिटतंय ना? मग तिथंच थांबायचं."

तेवढं एक डोक्यात बसलं आणि मग मी सूत्रात अडले नाही. वार्षिक परीक्षेत पास झाले. मावशीनं हातावर साखर ठेवली आणि मी सकाळच्या पहिल्या गाडीनं गाव गाठलं.

घराला कडी होती. आई सापडली शेजाऱ्यांच्या उसात, एकटी. शेजारच्या तिघी आमच्याकडे एक दिवस येऊन गेल्या होत्या, आणि तो एक दिवस फेडायला आईला तीन दिवस लागणार होते. त्यातला हा दुसरा.

"एकल्या बाईसंगं कोन पैरा धरत न्हाई म्हनायचीस की," मी म्हणाले.

"धरला. म्हनलं, पोरगी शिकतीया, तिचं दिवस मी भरीन." मग तिनं मान वर केली. "पास झालीस?"

"व्हय."

हसू तिच्या तोंडावर मावत नव्हतं. मी खुरपं घेऊन शेजारच्या सरीत बसले. दिवस मावळताना शेजारीण बांधावर येऊन म्हणाली, "आज दोघी हुता. फिटलं गं बाई, उद्या येऊ नगंस."

दुसऱ्या दिवशी आई कधी नव्हे ती उजाडल्यावरही घोरत पडली होती.