चोवीस पायांची गोम

खोपोलीचा कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. एका बहाद्दरानं तर साहेबाच्या केबिनचं दार नेलं. नाव सांगत नाही. दार अजून त्याच्या गोठ्याला आहे. ड्रॉइंग खात्यातल्या पदूनं मात्र टेंपोत घालून आणलं ते तीस वर्षं जुनं वर्कस्टेशन, म्हणजे यंत्रांची चित्रं काढायचा कॉम्प्युटर! ट्रंकेएवढा पडदा आणि खाली पाटासारखा चपटा डबा.

खालापूरजवळच्या त्याच्या घरात ते जे बसलं ते बसलंच. बायको, जया, त्याला घरजावई म्हणते. "काम काय नाय, पण पंखा त्याच्याकडं नि झाकायला माझी साडी!"

पदूनं ते जगवलं. उंदरानं खाल्लेल्या वायरी जोडल्या, फुगलेले कॅपॅसिटर बदलले. सगळा खटाटोप वर्षातल्या एका दिवसासाठी. दसऱ्याला बुधाजीदादा यायचे. हे ड्रॉइंग खात्याचे जुने हेड. पदूला हाताला धरून शिकवलेलं यांनीच. पत्रा लाटायच्या यंत्राचं त्यांनी काढलेलं चित्र त्या पडद्यावर गोल फिरायचं, आणि ते उघडायची अक्कल दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरला नव्हती. दादांना काचबिंदू. पुढच्या दसऱ्यापर्यंत नजर टिकेल असं सांगता येत नाही, असं यंदा डॉक्टर म्हणाला.

आणि याच पावसाळ्यात मशीन स्वतःचं नाव विसरलं. त्याच्या पोटात एक चिप असते, तिच्या आत सेल. सेल मेला की आपण कोण, आज तारीख काय, मशीनला काही आठवत नाही. पदूनं दोनदा चिप मागवली. दोन्ही वेळा जुनीच घासून वर नवे आकडे छापलेली. तिसरी कोइमतूरच्या एका रिटायर मास्तरांनी पाठवली. अस्सल, पण एकच.

शहाण्यानं ती त्याच दिवशी बसवली असती. पण कारखान्याची रीत होती की मशीनला नवा भाग खंडेनवमीलाच, हळदकुंकू लावून. तोवर दमट हवा लागू नये म्हणून पदूनं चिप कागदाच्या पुडीत बांधून तांदळाच्या डब्यात खुपसली. जयाला सांगितलं नाही. हसली असती ना!

नवमीच्या सकाळी पदू डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेला.

"काय शोधता?"

"पुडी व्हती गं यात."

"ती हळदकुंकवाची? काल गावदेवीची ओटी भरली, त्यात घातली मी."

पदू तसाच अनवाणी देवळाकडे पळाला. गुरवानं साऱ्या ओट्यांचा तांदूळ एकत्र करून भंडाऱ्याला दिला होता. भात चुलीवर रटरटत होता आणि भंडाऱ्याचा स्वयंपाक करणारी आवडी झारा घेऊन उभी.

"आवडे, तांदळात काय सापडलं का गं? काळं, दोन्ही अंगाला पाय असलेलं?"

आवडीनं इकडंतिकडं पाहिलं. "हळू बोल की! धुताना एका पुडीतनं गोम निघाली. चांगली चोवीस पायांची. मेलेली व्हती."

"कुठं हाय?"

"चुलीत टाकली. गावाला कळलं तर जेवल का कोण?"

(आता गावाला कळलंय. सगळे दोन-दोनदा वाढून घेऊन जेवले होते.)

दसऱ्याला बुधाजीदादा रिक्षातून आले. पदूला वाटेतच त्यांना परतवायचं होतं, ते जमलं नाही. खरं सांगायचं होतं, तेही जमलं नाही. शेवटी मेलेल्या चिपवरच त्यानं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला, कोपऱ्यात एक ओळ उमटली आणि खेळ तिथंच थांबला.

दादांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला.

"फिरतंय ना रं?"

पदूनं उगाचच मागची वायर हलवली.

"मला नुस्तं पांढरं दिसतंय. गेले वाटतं डोळे. डॉक्टर म्हणला त्याच्या आधीच."

"नाय दादा," पदू कसाबसा बोलला. "पांढरंच हाय. मशीन बंद पडलंय."

"वर कोपऱ्यात काळी रेघ हाय?"

"हाय."

"मग दिसतंय की मला!" म्हातारा मांडीवर थाप मारून असा हसला, की जयाही पदर तोंडाला लावून आत पळाली. ती हसायला पळाली की रडायला, ते मला अजून कळलेलं नाही.

दादांनी खिशातून आपट्याची पानं काढली नि पदूच्या हातावर ठेवली. "चल, पुढल्या दसऱ्याला दाव."

कोइमतूरच्या मास्तरांना पदूनं आदल्या दिवशीच फोन केला होता. त्यांच्याकडची ती चिप शेवटची होती.

पदूनं आपट्याची पानं बंद मशीनवर ठेवली नि वरून जयाची साडी पांघरली.