द्राहोमीरा आणि आठ बाइटांची वेळ

द्राहोमीरा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. ब्रनोच्या आमच्या कचेरीत आम्ही एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या आतड्यांवर काम करायचो, आणि तिच्या वाट्याला वेळ आली होती. प्रोग्रामने 'आत्ता किती वाजले?' असं विचारलं की सिस्टीमने काय उत्तर द्यायचं, एवढंच ती बघायची. वीस वर्षं शाळेत गणित शिकवून ती या धंद्यात आली होती. दुसऱ्याचा कोडही वह्या तपासाव्यात तसा वाचायची.

अडचण सगळ्यांना ठाऊक होती. सिस्टीम १९७०पासूनचे सेकंद मोजते आणि तो आकडा चार बाइटांत ठेवते. २०३८च्या जानेवारीत ती जागा भरणार आणि तारीख धाडकन १९०१ सालात जाऊन पडणार.

"आठ बाइट कर आणि मोकळी हो," आमचा प्रमुख व्रातिस्लाव म्हणाला. "दोन दिवसांचं काम. ज्यांचं मोडेल ते मूळ कोडवरून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करतील, नव्याने घडवतील."

"आणि ज्यांच्याकडे मूळ कोडच नाही ते?"

"असं कोण उरलंय आता?"

"विचारते," ती म्हणाली, आणि तिने सिस्टीम वापरणाऱ्यांच्या ईमेल-यादीवर पत्र टाकलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं, अलोइस कोप्रिव्हांचं. एका काचकारखान्यात काच हळूहळू निववायच्या भट्टीवर ते तीस वर्षं होते. भट्टीचा प्रोग्राम लिहिणारा इंजिनियर वारला होता, कोड कुठे आहे कुणालाच माहीत नव्हतं. शनिवारी कोप्रिव्हाकाका भट्टीच्या संगणकाचं जादा ठेवलेलं यंत्र गाडीत घालून स्वतः आले. सोबत बायकोने दिलेले खसखस भरलेले गोड पाव, कोलाच.

भट्टीऐवजी पाचशेवीस अंश दाखवणारी डबी जोडली, आच वाढवायच्या जागी एक दिवा. व्रातिस्लावच्या म्हणण्याप्रमाणे बदललेली सिस्टीम चढवली. पडद्यावर तापमान आलं शून्य, आणि दिवा लागला.

"अहो, तापलेल्या भट्टीला हा गार समजतोय!" काका ओरडले. "काचेचं पाणी होईल, आणि माझंही!"

जुन्या प्रोग्रामने वेळेसाठी चारच बाइटांची जागा ठेवली होती, तिला लागून तापमान. सिस्टीमने आठ बाइट भरले; जादा शून्यं थेट तापमानावर जाऊन बसली. व्रातिस्लावने वायर काढून दिवा विझवला. मग म्हणाला, "बरं, तुझ्या पद्धतीने कर."

तिची पद्धत अशी: जुन्या विचारणीला हात लावायचा नाही, तिला जुनंच उत्तर. शेजारी वेगळ्या क्रमांकाची नवी विचारणी, आठ बाइटांची. प्रोग्राम पुन्हा कंपाइल झाला की त्याच नावाने आपोआप नव्या विचारणीकडे जाईल. सांगायला सोपं, करायला सात महिने. "द्राहो, वेळ झाली का गं?" म्हणून कचेरीतली पोरं चिडवायची. ती मान वर न करता म्हणायची, "तुझी होईल आधी."

काम झाल्यावर जुना प्रोग्राम तिच्या सिस्टीमवर बिनतक्रार चालला. काकांनी विचारलं, "पण अडतीस साली हा मरणारच ना?"

"मरणार. खोटं कशाला सांगू? तोवर बिघडणार नाही, एवढं नक्की. मूळ कोड शोधा."

काकांनी इंजिनियरच्या बायकोचं, बोहुमिलाबाईंचं, घर गाठलं. कोड कागदावर छापलेला होता, आणि बाईंनी त्यावर कपड्यांचे नमुने बेतले होते! एका पानातून गळाच कापून गेलेला. द्राहोमीरा आणि काका तीन शनिवार बसून ते टाइप करत होते. गळ्यातल्या अकरा ओळी तिने आजूबाजूचं वाचून भरल्या.

"शहाणा माणूस," ती एकदा म्हणाली. "वेळेला सगळीकडे वेळच म्हटलंय, नुसता आकडा म्हणून कुठे कोंबली नाहीये. मी पैकीच्या पैकी दिले असते."

म्हणूनच एकही ओळ बदलावी लागली नाही; 'वेळ' म्हटलं की सिस्टीम आता तिला आठ बाइटांची जागा देणार होती. तिने कंपाइल केलं आणि यंत्राचं घड्याळ १९ जानेवारी २०३८वर नेलं. आम्ही सगळे तिच्या खुर्चीमागे गोळा झालो. तो सेकंद आला, गेला. वीस तारीख लावली, मग २०५०. तापमान पाचशेवीस, दिवा बंद.

व्रातिस्लावने टाळी वाजवली. कोप्रिव्हाकाकांनी फोन काढला.

"बोहुमिलाबाई, मी अलोइस. तुमच्या नवऱ्याचं चालतंय हो! नाही, नाही, तुमचे नमुने फाटले नाहीत. उद्या आणून देतो."