बिनकुंकवाच्या बाईचं चित्र

सांगू की नको, सांगू की नको, असं करता करता माझे केस पांढरे झाले. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला नाही. आई गेली त्या दिवशी तर अगदी ओठावर आलं होतं, तेही गिळलं. आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तेवढाच काय तो धीर.

मी पुण्यात मानसशास्त्र शिकवते. बुद्धीच्या चाचण्या एका समाजात बनतात, लावल्या जातात दुसऱ्याच समाजातल्या पोरांना, आणि मग हुशार पोरं ढ कशी ठरतात — हा माझा आवडता धडा. वर्गात मी नेहमी एक उदाहरण देते, ‘एका खेड्यात एक मुलगी होती...’ मुलं हळहळतात. कोणतं खेडं, कोणाची मुलगी, आणि तिच्या समोर बसून चाचणी घेणारी ती बया कोण — हे मी आजवर एकाही वर्गात सांगितलेलं नाही.

खेडं माझंच. मेहकरहून लोणारच्या रस्त्याला लागलात की डाव्या हाताला फाटा फुटतो, तिथून आत. काय दिवस होते हो ते! मी तेव्हा पुण्यात शिकत होते. आमच्या विभागाच्या मॅडम संशोधनासाठी खेड्यातली शाळा शोधत होत्या आणि मी पटकन माझ्या गावाचं नाव सांगितलं. हिवाळा होता. आम्ही जीपने आलो. रानात ओला हरभरा भाजला, खाऊन सगळ्यांचे हात-तोंड काळे. मॅडम खळखळून हसत होत्या. रविवारी त्यांना लोणारचं सरोवर दाखवायला नेलं, तेव्हा त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तू इकडची वाटतच नाहीस गं.” आणि मला — खरं सांगू? — इतका आनंद झाला की विचारू नका.

तुम्हाला हे समजायचं नाही, जर तुमच्या ‘मले-तुले’ला कोणी हसलं नसेल. वसतिगृहात पहिल्या महिन्यात मी एकदा ‘का?’च्या जागी ‘काऊन?’ म्हणाले, तर वर्षभर माझं नावच काऊन पडलं होतं. मग मी जीभ घासून घासून साफ केली. घरी फोन करायचा तरी आजूबाजूला कोणी नाही ना बघायचं. इतकी मी शहाणी झाले होते.

पण मी भलतीकडे चालले. शालूबद्दल सांगायचंय.

शालू माझ्या चुलतभावाची पोर. चुलत म्हणायचं, पण आम्ही एकाच अंगणात वाढलो. मी मेहकरच्या कॉलेजात होते तेव्हा दादा मला सायकलवर डबलसीट फाट्यापर्यंत सोडायचा, बस येईपर्यंत थांबायचा आणि वर म्हणायचा, “शीक बे, नाहीतं तुले म्हशी वळा लागतीन!” तो दादा त्याच पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून गेला. वहिनी पोरीला घेऊन तिथेच राहिली. तिचा भाऊ बुलढाण्याला असायचा. शालू हुशार आहे, तिला मी बुलढाण्याला ठेवून शिकवतो, असं त्यानं कबूल केलं होतं. शाळेच्या नवीन वर्षाला शालू मामाकडे जाणार, बुलढाण्याच्या शाळेत. त्या घरात त्या साली आनंदाची म्हणून तेवढी एकच गोष्ट होती.

पोरगी खरंच हुशार हो. मोठ्या माणसाचं बोलणं एकदा ऐकलं की जसंच्या तसं करून दाखवायची. माझी तर इतकी हुबेहूब नक्कल करायची, पुणेरी मान वळवून, की मलाच राग यायचा.

चाचणीत चित्रं होती. प्रत्येक चित्रात काहीतरी राहून गेलेलं, ते मुलानं ओळखायचं. मांजराला शेपूट नाही, बैलगाडीला चाक नाही. मूळ चित्रं परदेशातली, पण मॅडमनी ती आपल्या मुलांसाठी नव्यानं काढून घेतली होती. म्हणजे काय, तर गाडीला बैल जुंपले आणि बाईला साडी नेसवली. त्या साडीतल्या बाईच्या एका कानात डूल होता, दुसऱ्या कानात नव्हता. डूल म्हटलं की एक गुण. पण चित्र काढणाऱ्यानं बाईला कुंकूच लावलं नव्हतं. विसरला असेल, किंवा त्याला ते महत्त्वाचं वाटलं नसेल. आमच्या गावची पोरं डुलाकडे कशाला बघतील? बरीच पोरं म्हणाली, “कुकू नाई.” शून्य. मॅडमना गंमत वाटली. मीही हसले.

मग शालू आली. मला बघून तिचा चेहरा असा फुलला! मॅडमनी विचारलं, “ओळखीची का?” मी म्हणाले, “गावातलीच एक.”

मांजर, गाडी, सगळं तिनं झटपट सांगितलं. मग बाईचं चित्र आलं आणि ती थांबली. माझ्याकडे बघितलं. खाली बघितलं. मी नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं, “काय नाही यात?” ती ओठ घट्ट मिटून बसली. पुढची चित्रं दाखवली, त्यांच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ओळीनं काही उत्तरं आली नाहीत की थांबायचं, असा नियम होता. थांबलो.

आता ऐका. ती का बोलली नाही, हे मला माहीत होतं. अंदाज नव्हे, माहीत होतं. दिवाळीला मी घरी होते. वहिनी चुलीपुढे बसली होती आणि शालू सहज म्हणाली, “आई, तुयं कुकू राह्यलं लावाचं.” काकूनं, म्हणजे दादाच्या आईनं, धावत येऊन तिचं तोंड दाबलं. “बाईच्या कपायात कुकू नाई असं कधी तोंडातून काहाडू नये, समजलं?” वहिनी उठून मागच्या दारी गेली. पोरगी भेदरून माझ्याकडे धावली. मीच तिला जवळ घेतलं. त्या पोरीला मी विचारत होते, काय नाही यात?

शालू बाहेर गेल्यावर मॅडमनी पेन खाली ठेवलं. “आधी किती छान सांगत होती. तू इथलीच आहेस, तुला काय वाटतं? लाजली, की येतच नाही?”

बघा, त्यांनी विचारलं होतं. चांगली बाई होती ती, ऐकलं असतं तिनं. पण मग मला सगळं सांगावं लागलं असतं — ही माझी भाची, तिची विधवा आई, आमच्या घरात अजून असं मानतात, मीही त्यातलीच. ‘इकडची वाटतच नाहीस’ म्हणणाऱ्या बाईला हे सांगायचं? मी म्हणाले, “येतच नाही, मॅडम. मंदच आहे थोडी.”

झालं. एवढंच. एका वाक्याचं काम.

संध्याकाळी वहिनीनं चहा दिला आणि पदर सावरत विचारलं, “बाई, माही शालू कशी केली वो?” मी म्हणाले, “बरी केली.”

मॅडमनी भल्या हेतूनं शाळेला निकाल कळवले. कच्च्या मुलांकडे लक्ष द्यावं म्हणून. गुरुजींनी वहिनीला सांगितलं, वहिनीनं भावाला. तो म्हणाला, पुण्याच्या लोकांनी तपासलं म्हणजे खरंच असंन, इथं येऊन पोरीची फजिती होईन, राहू दे. शालू सातवीपर्यंत गावातच शिकली, मग निंदायला-खुरपायला जाऊ लागली. लग्न करून देऊळघाटला दिली. मला मॅडमनी पुढे चांगली नोकरी लागायला मदत केली. त्यानंतर मी गावी कमी कमी जात गेले.

या उन्हाळ्यात मेहकरला एका लग्नात शालू भेटली. अंगानं भरलीय, हसणं तेच, दादाचं. जेवायच्या पंगतीत माझ्या शेजारीच बसली. सोबत तिची मुलगी, गणितात नापास झालेली, हिरमुसलेली. शालू तिला माझ्यासमोर ओढत म्हणाली, “माह्यावरच गेली. मी बी ढच होते, इचार या आजीले. यायनंच तपासलं होतं मले लहानपणी.”

पोरगी म्हणाली, “तपासाची मशीन चुकली असंन.”

“मशीन नाई वं, आत्या होती सोता,” शालू हसली. “घरचं माणूस खोटं सांगते का?”

पोरगी माझ्याकडे बघत होती. तोंड उघडलं मी. आणि म्हणाले, “वांग्याची भाजी छान झालीय गं.”

शालूनं वाढप्याला हाक मारली आणि माझ्या ताटात आणखी भाजी वाढायला लावली.