चकमधली चावी

मरोळच्या वर्कशॉपमध्ये तो आणि मी शेजारशेजारच्या लेथवर काम करायचो. त्याने सगळ्यांसमोर माझ्या कामाची टिंगल केली, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. एका सकाळी त्याने चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या जबड्यात, लोखंडाचा जॉब आवळला आणि आवळायची चावी तशीच त्यात ठेवली. मला ती दिसली. चक फिरला की चावीला गोल धरून ठेवणारं काही नसतं, ती सरळ सुटते, हे आम्ही आयटीआयमध्ये एकाच बाकावर शिकलो होतो. मी गप्प राहिलो. त्याने मशीन सुरू केलं आणि चावी त्याच्या डोळ्यावर बसली. डोळा गेला.

हॉस्पिटलात तो म्हणाला, "तू बघितलं असतंस तर ओरडला असतास ना?"

"म्हणजे काय रे, ओरडलोच असतो," मी म्हणालो.

त्याच्या बायकोने मला थर्मासमधला चहा ओतून दिला. मी तो सगळा प्यायलो.